शिडाच्या बोटीने बेटं फिरायची आहेत? आखणीतच होणाऱ्या या चुका टाळा

नकाशावर सात बेटं, हातात सात दिवस, म्हणजे रोज एक बेट. असा हिशेब मांडला की सुट्टीचा विचका व्हायला तिथेच सुरुवात होते. मोटारीने जाताना अंतर बघतात. इथे आधी वारा बघायचा, अंतर नंतर.

भाड्याने मिळणारी साधारण बोट पाच-सहा नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) चालते, म्हणजे ताशी जेमतेम दहा किलोमीटर. त्यातून शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जातच नाही. नागमोडी जावं लागतं आणि वीस सागरी मैलांचे सहज तीस होतात. कॅरिबियनमध्ये व्यापारी वारे पूर्वेकडून-ईशान्येकडून येतात आणि हिवाळ्यात बऱ्याचदा 15 ते 25 नॉटचे असतात. अशा वाऱ्यात समोरून लाटा खात सहा तास काढले की घरच्यांचा उत्साह मावळतो. म्हणून वाऱ्याविरुद्धचा टप्पा सुट्टीच्या पहिल्या अर्ध्यात उरका, पण पहिल्याच दिवशी नको. शरीराला डुलण्याची सवय तरी होऊ द्या. मग परतताना वारा पाठीशी राहतो. रोजचे पंधरा-वीस मैल पुरे, आणि एक दिवस अगदी कोरा ठेवा. तो हवामानाच्या नावे.

दर स्वस्त दिसला म्हणून तारखा ठरवू नका. अटलांटिकमध्ये चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा धरतात. ‘जूनमध्ये कुठलं आलंय वादळ’ म्हणणाऱ्यांनी बेरिल आठवावं: जून 2024 च्या अखेरीस ते उभं राहिलं आणि 1 जुलैला कॅरिबियनमधल्या कॅरियाकू बेटावर आदळलं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिटसंडे बेटांकडे हाच काळ नोव्हेंबर ते एप्रिल, तर थायलंडमध्ये फुकेतच्या बाजूला तेच महिने उत्तम. सेशेल्समध्ये एप्रिल आणि ऑक्टोबरच्या आसपास वारा पडतो. पोहायला झकास, शिडाला मात्र काम नाही.

संध्याकाळी पोचू, ही कल्पना सोडा

उष्ण कटिबंधात वर्षभर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि संधिप्रकाश फार टिकत नाही. प्रवाळ मात्र डोळ्यांनीच ओळखावे लागतात: गडद निळं म्हणजे खोल पाणी, फिकट हिरवं म्हणजे उथळ वाळू, तपकिरी म्हणजे प्रवाळ किंवा खडक. हे रंग ऊन डोक्यावर किंवा पाठीमागे असेल तरच दिसतात. समोरून तिरपं ऊन आलं की सगळं पाणी नुसतं चकाकतं. सकाळी लवकर निघा, दुपारी तीनपर्यंत नांगर टाका. पोलराइज्ड गॉगल विसरू नका.

नांगर का घसरतो?

बहुतेक वेळा साखळी कमी सोडलेली असते. नुसती पाण्याची खोली धरून चालत नाही. पाणी पाच मीटर, बोटीच्या नाळेची (पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची दीड मीटर, भरतीने आणखी एक मीटर, म्हणजे साडेसात. त्याच्या पाचपट, सदतीस-अडतीस मीटर साखळी हवी. दोर असेल तर सातपट. नंतर इंजिन सावकाश मागे चालवून नांगर रुतवा आणि काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून बोट सरकते का ते पाहा. मास्क लावून पाण्यात उतरून नांगर डोळ्यांनी बघितला तर उत्तमच. घसरतोय असं दिसलं तर आधी साखळी वाढवा. तरीही धरत नसेल तर उचलून पुन्हा टाका. खाली बहुधा समुद्री गवत असतं. वाळूचा पट्टा शोधा. प्रवाळावर नांगर कधीच टाकू नका. बोट बांधायचे बोये (तळाशी जखडलेले तरंगते गोळे) असतील तर तेच वापरा.

बंदरात शिरताना वाट दाखवणारा लाल बोया कुठल्या हाताला ठेवायचा, हेही जागेनुसार बदलतं. कॅरिबियनमध्ये उजव्या, सेशेल्स, थायलंड, ऑस्ट्रेलियात डाव्या. दोन्हीकडे फिरणारे इथे हमखास गोंधळतात.

शेजारचं बेट वेगळ्या देशात असू शकतं. युनियन बेट सेंट व्हिन्सेंटचं, तिथून दिसणारं कॅरियाकू ग्रेनाडाचं. एकीकडून बाहेर पडल्याची आणि दुसरीकडे शिरल्याची नोंद करावीच लागते, तीही कार्यालय उघडं असताना.

व्हिटसंडेत बोट चालवायला परवाना लागत नाही, पण इतर बऱ्याच ठिकाणी परवाना किंवा अनुभवाचा तपशील मागतात. शंका असेल तर स्किपर, म्हणजे बोट चालवणारा माणूस, सोबत घ्या. त्याला झोपायला केबिन आणि खायला जेवण लागतं, हे बोट निवडताना लोक विसरतात!

सामान मऊ पिशव्यांत भरा. कडक सुटकेस ठेवायला बोटीत जागाच नसते. बोट लागण्याची गोळी निघण्याआधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही. बोट ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याचा व्हिडिओ काढा आणि पाण्याची टाकी किती लिटरची, बॅटरी किती तास पुरते, शौचालयाचा पंप कसा चालतो, हे कर्मचारी समोर असतानाच विचारून घ्या. शेवटची रात्र जिथे बोट परत द्यायची त्या ठिकाणाजवळच काढा. बोट बहुधा सकाळीच परत द्यायची असते, आणि उशिराचे पैसे अनामतीतून कापले जातात.