इंदूरला एअरबसच्या मागे सेसना उतरवताना

देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर धावपट्टी एकच. टॉवरने "कॉशन वेक टर्ब्युलन्स" (सावधान, पुढच्या विमानामागे हवा घुसळलेली आहे) म्हटलं की हवा कितीही शांत असो, मनावर घ्या. एअरबस ए३२०च्या पंखांच्या टोकांपासून निघणारे भोवरे मिनिटाला ३०० ते ५०० फूट खाली बसतात, आणि दिसत नाहीत. छोटीशी सेसना १७२ त्यात सापडली तर एक पंख झपकन कलतो, पूर्ण एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या, कल सावरणाऱ्या पट्ट्या) देऊनही सावरत नाही. फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, सावरायला उंचीच नसते.

म्हणून पुढच्या विमानाच्या वाटेच्या वर राहा. त्याची चाकं टेकली, टायरचा धूर उठला, ती जागा नजरेत पक्की धरा आणि तिच्या पुढे टेका. धावपट्टी सुमारे २७५० मीटर आहे, जागा भरपूर. पुढच्या विमानापासून अंतर ५ नॉटिकल मैल किंवा ३ मिनिटं. कमी वाटलं तर टॉवरकडे बेधडक ऑर्बिट (जागेवरच एक गोल फेरी) मागा. ३ ते ५ नॉटचा आडवा वारा सगळ्यांत वाईट, कारण तो एक भोवरा धावपट्टीवरच अडवून धरतो.

मे महिन्यात आणखी एक काळजी. विमानतळ सुमारे १८५० फुटांवर, ४२ अंशांना घनता-उंची (हवा जितकी विरळ, तितकी ती ज्या उंचीवर असते ती उंची) साडेपाच हजार फुटांच्या आसपास जाते. जमीन जास्त वेगाने पळताना दिसते, पण वेगाच्या इंडिकेटरवर नेहमीचेच ६५ नॉट धरा. डोळ्यांवर विसंबून वेग कमी केलात तर स्टॉल (पंखांचा उचल तुटणं) जवळच असतो.

रेडिओ गेला? ट्रान्सपाँडरवर (विमानाची ओळख रडारला सांगणारं यंत्र) ७६०० लावा, टॉवरच्या दिव्याकडे बघा. स्थिर हिरवा, उतरा. स्थिर लाल, घिरट्या घाला. लुकलुकता लाल, उतरू नका.