पठारावर वर्ग, खाली पणजी

आंबोलीचा घाट उतरून कोल्हापूरहून गोव्यात एम.ए. इतिहासाला आलो तेव्हा डोक्यात चित्र होतं ते कौलारू घरांच्या, चर्चच्या पायऱ्यांच्या पणजीत शिकायचं. प्रत्यक्षात विद्यापीठ शहराबाहेर, ताळगावच्या पठारावर. तेही १९८५ चं. त्याआधी इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. शहर जुनं आणि विद्यापीठ तरुण, आणि दोघांच्या मध्ये बस. तुमची दोन वर्षं कशी जाणार ते बरंचसं ही बस ठरवते.

हॉस्टेल मिळालं तर सोय होते, यात वाद नाही. पण मला विचाराल तर एक वर्ष तरी खाली राहा. वर पठारावर संध्याकाळी सातनंतर वारा आणि मोबाईल, एवढंच उरतं. खोली मळा, भाटले किंवा सांताक्रूझ या भागांत बघा. फोंतेन्हासच्या रंगीत गल्ल्या फिरायला छान, भाड्याला नाही. तिथे पर्यटकांचा दर चालतो. आणि करार लेखी करा. माझ्या घरमालकीणबाई एरवी फार प्रेमळ, आजारी पडलो तर पेजही पाठवायच्या. पण डिसेंबर लागला तसं म्हणाल्या, "पंधरा दिवस खोली मोकळी कर, पावणे येतले." कागदावर काहीच नव्हतं. ऐन नाताळात गादीची वळकटी घेऊन मित्राकडे जमिनीवर झोपलो.

भाषेची भीती नको, पण 'मराठी येतं म्हणजे कोकणी कळतं' हा गैरसमजही नको. पहिल्या दिवशी कंडक्टर ओरडला, "कोण देंवता?" मी मनात म्हटलं, बसमध्ये कुठली देवता? तोवर माझा थांबा मागे गेला. देंवप म्हणजे उतरणं! महिनाभर नुसतं ऐका, मग आपोआप जमतं. तुम्ही मराठीत बोललात तर उत्तर बहुधा मराठीतच येतं. फक्त मराठी-कोकणी वाद नवख्यानं जेवणाच्या टेबलावर काढू नये. घराघरात त्याची जुनी दुखणी आहेत.

सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला की खाली जाऊन पोई हा इथला पाव घ्यायचा. कोंड्याची, आत पोकळ, गरम असताना नुसतीच संपते. नाश्त्याला हॉटेलात 'मिक्स भाजी' सांगा, सुकी आणि पातळ एकत्र येते. तांबड्या रश्श्याची आठवण पहिले दोन महिने छळते, नंतर हुमण, म्हणजे इथली माशांची आमटी, अंगवळणी पडतं. दुपारी एक ते साडेतीन-चार बरीच दुकानं बंद, तेव्हा झेरॉक्स सकाळीच उरकायचं. रात्री आठनंतर बसचा भरवसा नाही. पायलट, म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल, मिळाला तर बसण्याआधी पैसे ठरवा.

पाटोवर, बसस्थानकाजवळ, कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची सुरुवात १८३२ ची. त्यानंतर थोड्याच वर्षांत पोर्तुगीज सरकारनं मठ बंद केले आणि तिथली पुस्तकं इकडे आली. इतिहासवाल्यानं पहिल्याच आठवड्यात कार्ड काढावं. मी ते तिसऱ्या सत्रात काढलं, आणि तेव्हा कळलं की पोर्तुगीज येत नसेल तर अर्ध्या कपाटांपुढे आपण नुसते उभेच राहतो. प्रबंधाचा विषय जुन्या गोव्याचा घ्यायचा असेल तर पहिल्या सत्रापासूनच पोर्तुगीजचा वर्ग लावा. मी नाही लावला, आणि सगळा प्रबंध इंग्रजी अनुवादांवर रेटला. मार्गदर्शकांनी दर प्रकरणाच्या समासात 'मूळ कुठे?' असं लिहिलं होतं.

मांडवीकाठी जुन्या मेडिकल कॉलेजची इमारत दिसेल. १८४२ साली सुरू झालेली ती वैद्यकीय शाळा आता बांबोळीला मोठी होऊन बसलीय. जुन्या इमारतीच्या आवारात नोव्हेंबरात चित्रपट महोत्सवाची गर्दी असते. विद्यार्थी म्हणून नोंदणी करा. मात्र अंतर्गत परीक्षेच्या तारखा आधी बघा, दोन्ही नेमकं एकाच वेळी येतं.

आणि पाऊस. जुलैत पट्ट्याला, बुटांना, पुस्तकांच्या पाठींना हिरवट बुरशी धरते. नोट्स प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात ठेवा, तळाशी डांबरगोळ्या टाका. कपाटात तर मुळीच ठेवू नका; माझं 'मराठा-पोर्तुगीज संबंध'चं अख्खं टिपण भिंतीला चिकटून गेलं, आणि अर्धं अजून त्या भिंतीवरच असणार.