हाताशी असलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द कसे शोधावेत

आधी प्रश्न नीट ठरवा. 'या अक्षरांचे शब्द हवेत' असं आपण सहज म्हणतो, पण त्याचे तीन वेगळे अर्थ होतात. ती अक्षरं शब्दात कुठेतरी असली की पुरे, बाकी काहीही चालेल? की फक्त तीच अक्षरं वापरायची, जितकी मिळाली तितकीच? की काही अक्षरांच्या जागा ठरलेल्या आहेत, जसं शब्दकोड्यात असतं? बी, ओ, के ही अक्षरं घ्या. पहिल्या अर्थाने 'बुक' चालतो. स्क्रॅबल या अक्षरांच्या ठोकळ्यांनी शब्द जुळवायच्या खेळात ओ एकच आला असेल तर तोच शब्द बाद, कारण त्याला दोन ओ लागतात.

स्क्रॅबलचा प्रकार सगळ्यात मजेचा, म्हणून त्यावर जरा थांबू. समजा, सात ठोकळे आले: ए, ई, आय, एन, आर, एस, टी. सातही एकदम लावले तर ५० गुण वरचे मिळतात.

ठोकळे आले तसे ठेवून नुसते बघत बसू नका. स्वर एका बाजूला, व्यंजनं दुसऱ्या बाजूला करा. मग शब्दाचं शेपूट शोधा. इथे ई-आर जमतं. ते उजवीकडे सरकवलं की उरतात एस, टी, ए, आय, एन, म्हणजे 'स्टेन', आणि झाला 'स्टेनर'. शेपूट थोडं लांबवून आय-ई-आर करा: एन-ए-एस-टी पुढे ठेवलं की 'नॅस्टियर', ए-एन-टी-एस ठेवलं की 'अँटसियर'. आता उलट, आर-ई डावीकडे घ्या. टी-ए-आय-एन-एस जोडलं की 'रिटेन्स', टी-आय-एन-ए-एस जोडलं की डोळ्यातल्या पडद्याचं अनेकवचन 'रेटिनाज', टी-एस-आय-एन-ए जोडलं की 'रेट्सिना' ही ग्रीक वाइन. शेवटी आय-एन ठेवून बघितलं तर 'स्टिअरिन'ही निघतो. ठोकळे तेच, फक्त हलवत राहायचं. काहीच सुचत नसेल तर अक्षरं गोलात मांडा. ओळीत मांडली की डोळा तोच एक उच्चार पुन्हा पुन्हा वाचतो.

एस आला असेल तर तो घाईने खर्चू नका, अनेकवचनाला कामी येतो. क्यू आला आणि यू नाही, तर बहुतेक जण तो बदलायला निघतात. त्याआधी क्यू-आय आणि क्यू-ए-टी हे शब्द आठवा. आपल्या ओळखीचा फकीरही खेळात चालणाऱ्या इंग्रजी शब्दांच्या यादीत एफ-ए-क्यू-आय-आर असा बसलेला आहे, आणि तलाक टी-ए-एल-ए-क्यू असा. रोटी, घी, धोती हेसुद्धा चालतात, त्यामुळे विचार फक्त इंग्रजीतूनच करायला हवा असं नाही.

शब्दकोड्याचं काम त्यापेक्षा सरळ आहे. माहीत नसलेल्या प्रत्येक जागी प्रश्नचिन्ह टाका. पाच अक्षरी शब्द, सुरुवातीला टी, शेवटी टी-एच, मधल्या दोन जागा रिकाम्या: 'टूथ', 'ट्रुथ', 'टीथ', 'टेन्थ' असे बरेच उमेदवार उभे राहतात. आडव्या शब्दातून दुसरं अक्षर ई आहे असं कळलं की या चारांपैकी 'टीथ' आणि 'टेन्थ' एवढेच उरतात. शब्द शोधून देणाऱ्या बऱ्याच साइटवर हीच खूण चालते. प्रश्नचिन्ह म्हणजे एक अक्षर, तारा म्हणजे कितीही अक्षरं.

पहिल्या प्रकारासाठी, म्हणजे अक्षरं कुठेही असली तरी चालतील तेव्हा, शब्दांची यादी एक्सेलमध्ये एका स्तंभात टाका आणि फिल्टरमधला 'कंटेन्स' पर्याय निवडा. तिथे दोन अटी 'अँड'ने जोडता येतात, उदाहरणार्थ क्यू आणि झेड. तिसरं अक्षर असेल तर तीच यादी शेजारच्या स्तंभात पुन्हा चिकटवून तिथे तिसरी अट लावा. ताऱ्याचा मोह मात्र टाळा: क्यू, तारा, झेड असं लिहिलं तर क्यू आधी असलेलेच शब्द येतील.

यंत्राकडून अक्षरांची उलटापालट करून घ्यायची असेल तर ते प्रत्येक शक्यता तपासत बसत नाही. यादीतल्या प्रत्येक शब्दातली अक्षरं इंग्रजी वर्णक्रमाने लावली जातात, आणि ज्यांचा क्रम सारखा येतो त्यांचा एक गट होतो. 'लिसन', 'सायलेंट', 'एनलिस्ट' आणि 'टिन्सेल' या चौघांचं उत्तर एकच येतं: ई, आय, एल, एन, एस, टी. तुमच्या अक्षरांचाही तसाच क्रम लावायचा आणि जुळणारा गट उचलायचा. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांना हा सराव जरूर द्यावा, दहा-बारा ओळींत होतो.

साइटने दिलेला शब्द लावण्याआधी तो कोणत्या यादीतला आहे ते बघा. उत्तर अमेरिकेतली स्पर्धांची यादी वेगळी, आणि ब्रिटनसह इतरत्र वापरली जाणारी कॉलिन्सची वेगळी. सी-एच हा दोन अक्षरी शब्द कॉलिन्समध्ये आहे, अमेरिकन यादीत नाही. त्यामुळे घरी खेळतानाही यादी पहिला ठोकळा उचलण्याआधीच ठरवून घ्या.