पदवीनंतर कोण काय करतो : बॅचची माहितीपुस्तिका कशी तयार करावी

विद्यापीठातून बाहेर पडून दहा-पंधरा वर्षे झाली की बहुतेक बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप वाढदिवसाच्या शुभेच्छांवर आणि सकाळच्या फुलांच्या चित्रांवर चालतो. कोण कुठे आहे आणि मधल्या काळात त्याने काय केले, हे मात्र दोन-चार जवळच्या मित्रांपलीकडे कोणालाच नीट ठाऊक नसते. स्नेहमेळाव्याच्या आधी प्रत्येकाला अर्धे पान देणारी एक छोटी पुस्तिका तयार करून सर्वांना पाठवली, तर मंडळी एकमेकांचे वाचून येतात आणि ओळखपरेडीत पहिला तास जात नाही.

कामाची सुरुवात यादीपासून करावी, आणि ती यादी ग्रुपवरून करू नये. ग्रुपमध्ये तेच असतात ज्यांना कोणीतरी जोडून घेतले. खरी यादी विभागाच्या जुन्या हजेरीपटात, परीक्षेच्या बैठक क्रमांकांच्या कागदावर किंवा शेवटच्या वर्षाच्या सामूहिक छायाचित्राच्या मागे लिहिलेल्या नावांत सापडते. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांच्यासाठी प्रात्यक्षिकातील जोडीदार आणि वसतिगृहातील खोलीतले सोबती हे सर्वांत भरवशाचे दुवे ठरतात. नागपूरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन होईपर्यंत चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे नागपूर विद्यापीठाच्याच कक्षेत होते, त्यामुळे त्याआधीच्या बॅचमध्ये ब्रह्मपुरी, वरोरा, आरमोरी अशा गावांतून आलेले विद्यार्थी असणारच. ते पदवीनंतर गावी परतले असतील, तर समाजमाध्यमांवर शोधण्यापेक्षा त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या वर्गमित्राला फोन करणे जास्त उपयोगी पडते.

वर्गमैत्रिणींचा शोध हा यातला सर्वांत वेळखाऊ भाग आहे. गुणपत्रिकेवर आडनाव, स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव असते. लग्नानंतर त्यातली दोन बदलतात आणि काही घरांत तिसरेही बदलते. म्हणून पुस्तिकेत दोन्ही नावे द्यावीत, परंतु आधी कोणते छापायचे हे तिला विचारावे. संस्थांचीही नावे बदललेली आहेत : 2005 पूर्वी उत्तीर्ण झालेले लोक आपल्या परिचयात नुसते ‘नागपूर विद्यापीठ’ लिहितात, नंतरचे ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ’ किंवा त्याचे लघुरूप लिहितात. तसेच, नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी संस्थेतला 2002 पूर्वीचा अभियंता ‘व्हीआरसीई’ म्हणेल आणि नंतरचा ‘व्हीएनआयटी’. लिंक्डइनवर शोध घेताना सर्व रूपे घालून पाहावीत.

आता प्रश्नावली. पानठेल्यावर ‘काय करून राहिला बे सध्या?’ हा प्रश्न गोड लागतो. तोच लेखी अर्जात आला की ज्याच्याकडे सांगण्यासारखी नोकरी नाही, तो अर्ज बंद करतो. पदवीनंतर अनेकांची चार-सहा वर्षे अभ्यासिकेत लोकसेवा आयोगाच्या परीक्षांमागे गेलेली असतात, आणि यश न मिळालेले बरेच जण नेमके त्याच कारणाने वर्गमित्रांपासून दूर झालेले असतात. पदव्युत्तर शिक्षण, नेट-सेट आणि कधीकधी पीएच.डी. करूनही तासिका तत्त्वावर, म्हणजे तासांच्या हिशेबाने मिळणाऱ्या मानधनावर, शिकवणारे वर्गमित्र प्रत्येक बॅचमध्ये आहेत. यांच्यासमोर ‘पद’, ‘कंपनी’ आणि ‘पॅकेज’ असे रकाने ठेवणे असभ्यपणाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पॅकेजचा रकाना तर कोणत्याही परिस्थितीत नको. त्याऐवजी तीन मोकळे प्रश्न पुरतात : पदवीनंतरची पहिली काही वर्षे कशात गेली, आज दिवसाचा बराचसा वेळ कोणत्या कामात जातो, आणि शिकलेल्या विषयाचा कुठे उपयोग झाला किंवा झाला नाही. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे सहसा सर्वांत वाचनीय निघतात. वर्गातला एखादा सहकारी आपण भूगर्भशास्त्र शिकलो आणि आता किराणा दुकान चालवतो, पण गावात विहिरीची जागा ठरवताना लोक अजून आपल्यालाच बोलावतात, असे लिहून जातो.

आलेल्या मजकुरावर संपादकाने शक्यतो हात फिरवू नये. शुद्धलेखन तपासावे, फार लांबले तर संमतीने कापावे, इतकेच. ‘तासिका तत्त्वावर’ हे शब्द त्याने लिहिले नसतील तर आपण घालू नयेत आणि लिहिले असतील तर गाळू नयेत. ‘फक्त गृहिणी’ असे कोणी लिहून पाठवले, तर मात्र फोन करावा. पंधरा मिनिटांच्या बोलण्यात शिकवणी वर्ग, शेतीचे हिशेब, सासऱ्यांचे आजारपण असे बरेच काही बाहेर येते आणि नोंद तिच्याच शब्दांत नव्याने लिहिता येते. नमुना द्यायचाच असेल तर असा द्यावा : ‘2014 पासून हिंगणघाटजवळ घरची शेती, कापूस आणि तूर, त्याआधी तीन वर्षे पुण्यात औषध कंपनीत.’ नमुन्यात मोठ्या हुद्द्याचे उदाहरण दिले की लहान कामे करणारे गप्प बसतात.

ज्याला नोंद नको असेल त्याचे केवळ नाव ठेवावे, कारण विचारू नये. दिवंगत वर्गमित्राची नोंद जवळच्या मित्राने लिहावी आणि छापण्याआधी घरच्यांना वाचून दाखवावी. क्रम जुन्या हजेरी क्रमांकाचाच ठेवावा, म्हणजे ही नोंदही आपल्या जागी राहते आणि हुद्द्यांची उतरंडही तयार होत नाही.

वेळापत्रक मेळाव्याच्या तारखेवरून मागे मोजावे. नागपुरात हिवाळी अधिवेशन सहसा डिसेंबरात भरते. त्या काळात हॉटेलांत खोल्या मिळत नाहीत आणि मोर्च्यांमुळे सीताबर्डीकडचे रस्ते अडतात. त्यामुळे अधिवेशन संपल्यावरचा नाताळाचा आठवडा किंवा जानेवारी सोयीचा. परदेशातलेही तेव्हाच येतात. मे महिन्याचा विचारही करू नये. यादी पावसाळ्याच्या सुरुवातीला, अर्ज पोळ्याच्या सुमारास आणि राहिलेल्यांची प्रत्यक्ष भेट दिवाळीत, कारण तेव्हा बाहेरगावचे घरी येतात.

छपाईसाठी मजकूर युनिकोडमध्ये गोळा होतो आणि अनेक डीटीपी केंद्रांत तो श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बदलून घेतात. या बदलात जोडाक्षरे तुटतात, विशेषतः आडनावांतली, म्हणून छपाईआधीचे प्रूफ प्रत्येकाला त्याच्या पानापुरती दाखवून होकार घ्यावा. भ्रमणध्वनी क्रमांक असलेली प्रत केवळ बॅचपुरती ठेवावी. विभागाला नॅकच्या (उच्च शिक्षण संस्थांचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) मूल्यांकनासाठी माजी विद्यार्थ्यांची माहिती लागते आणि तो ती मागतोच. त्यासाठी क्रमांक व पत्ते वगळलेली वेगळी प्रत तयार करावी, आणि ती देण्यासही संमती आहे का, हा प्रश्न पहिल्याच अर्जात घालून ठेवावा.