आधी घड्याळ, मग आयसोटोप

न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधांनी तपासणी आणि उपचार करणाऱ्या विभागात, टेक्नॉलॉजिस्ट म्हणून रुजू झाले तेव्हा किरणोत्सारी आयसोटोपांचा तक्ता मला तोंडपाठ होता. टेक्नेशियम-९९एम, अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) ६ तास. या ६ तासांचा अर्थ कळला तो मात्र पहिल्या महिन्यात. हाडांच्या स्कॅनसाठी सकाळी ८ वाजता २० मिलिक्युरीचा (हे किरणोत्साराचं माप) डोस भरून ठेवला होता. लोकल रखडली आणि पेशंट पोचले दुपारी २ ला. मी रजिस्टरात २० लिहायला घेतलं, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "परत मोजून बघ." डोस मोजायच्या कॅलिब्रेटरवर आकडा आला १०.

हॉट लॅबमधली, म्हणजे हे डोस तयार करायच्या खोलीतली सकाळ टेक्नेशियमच्या जनरेटरपासून सुरू होते. त्यातलं मॉलिब्डेनम-९९ दर ६६ तासांनी निम्मं होतं आणि त्यातून टेक्नेशियम तयार होत राहतं. सलाइन सोडून ते उतरवून घ्यायचं, याला आम्ही 'दूध काढणं' म्हणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पुरेसं साठलेलं असतं. पेट स्कॅनचं फ्लोरिन-१८ तर ११० मिनिटांतच निम्मं होतं, तिथे पेशंटला वेळेवर बोलावणं हेच निम्मं काम.

कारखान्यातलं गणित वेगळं. वेल्डिंगचे सांधे तपासायला इरिडियम-१९२ वापरतात, अर्धायुष्य ७४ दिवस. सोर्स, म्हणजे ते इरिडियम, जुना झाला की एक्स्पोजरचा वेळ वाढवावा लागतो. या कामाला जाणाऱ्यांना कळकळीने सांगते, सोर्स कॅमेऱ्यात (तो ठेवायच्या जाड आवरणाच्या पेटीत) परत गेलाय हे किरणोत्सार मोजणाऱ्या सर्व्हे मीटरवर बघितल्याशिवाय जवळ जाऊ नका. लासलगावला कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून कोबाल्ट-६० चे गॅमा किरण देतात. त्याने कांदा किरणोत्सारी होत नाही, हे या क्षेत्रात आलात तर नातेवाइकांना तुम्हालाही समजावावं लागेल.

मला सर्वांत जवळचं आयोडिन-१३१, अर्धायुष्य ८ दिवस. थायरॉइडच्या पेशी ते स्वतःच ओढून घेतात. त्याचे बीटा किरण त्या पेशी मारतात आणि गॅमा किरणांमुळे ते कुठे साठलंय हे कॅमेऱ्यात दिसतं. थायरॉइडच्या कॅन्सरसाठी मोठा डोस दिला की पेशंटच्या अंगातून किरण येत असतात, म्हणून त्यांना वेगळ्या खोलीत ठेवतात, मग आपण दारातूनच बोलायचं. म्हणून डोस देण्याआधी मी शेजारी बसून सगळं बोलून घेते. कुणाच्या घरी तान्हं बाळ असतं, कुणाला एकटं राहायची भीती वाटते. हे विचारायला वेळ काढा, नंतर तेवढं जवळ बसता येत नाही.