घरचा वायफाय मळ्यातल्या शेडपर्यंत कसा न्यायचा

तासगावकडं घर गावठाणात आणि बेदाण्याचं शेड मळ्यात, हे नेहमीचंच. फायबर घरी येतो, कॅमेरा शेडवर हवा असतो. मग रिपीटर (वायफायचा सिग्नल घेऊन पुढं पाठवणारा डबा) आणला जातो आणि रेंज नाही तिथंच लावला जातो. आमच्या आण्णांनी हेच केलं. मागच्या खोलीत फोनवर रेंज फुल्ल, पण पान काही उघडेना, नुसतं चक्र फिरतंय. फोनला दिसत होती ती रिपीटरची रेंज, आणि रिपीटर स्वतःच उपाशी होता.

म्हणून आधी मोजा. फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप घ्या आणि घरभर फिरा. उणे ५० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) म्हणजे झकास, उणे ६७ पर्यंत काम भागतं, उणे ८० ला आशा सोडा. राऊटर लोखंडी कपाटामागं असेल तर तो आधी बाहेर काढा. बऱ्याचदा एवढ्यानंच भागतं.

रिपीटर लावायचा तो उणे ६० ते ६७ दिसतं तिथं. एकाच रेडिओवर ऐकणारा आणि बोलणारा रिपीटर वेग साधारण निम्मा करतो. त्याच्यापुढं दुसरा तसलाच जोडला की उरलेल्याचाही निम्मा.

वायर ओढता येत असेल तर मी रिपीटर घेणारच नाही. कॅट-६ वायर १०० मीटरपर्यंत चालते. पलीकडं जुना राऊटर लावा, त्याचं डीएचसीपी (फोन-कॅमेऱ्यांना नेटवर्कचा पत्ता वाटायचं काम) बंद करा, त्याचा स्वतःचा आयपी पत्ता मुख्य राऊटरपेक्षा वेगळा द्या आणि वायर लॅन पोर्टमध्ये घाला. नाव-पासवर्ड दोन्हीकडं तेच ठेवा, पण २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल वेगळे निवडा: १, ६ किंवा ११.

शेड ३०० मीटरवर असेल तर ५ गिगाहर्ट्झच्या आऊटडोअर सीपीईची (उघड्यावर बसवायच्या, एका दिशेनं सिग्नल फेकणाऱ्या डब्यांची) जोडी लागते. एक घराच्या स्लॅबवर, दुसरी शेडवर, दोन्हींची तोंडं समोरासमोर. इथंच मी फसलो. एप्रिलमध्ये मधल्या द्राक्षबागेची खरड छाटणी झाल्यावर बसवली, तेव्हा वेलींचा मांडव उघडा होता, लिंक एकदम पक्की. जूनमध्ये पानं भरली आणि लिंक सारखी तुटायला लागली. पानांतलं पाणी सिग्नलची लहर शोषून घेतं. शिवाय लहर दोरीसारखी सरळ जात नाही, मधे फुगते. ३०० मीटरच्या मध्यावर हा फुगवटा सरळ रेषेच्या वर-खाली जवळपास दोन-दोन मीटर असतो. त्यामुळं समोरचं शेड नुसतं दिसून उपयोग नाही, रेषा मांडवाच्या बरीच वरून जायला हवी. शेवटी शेडवर उंच जीआय पाईप उभा केला. पाईपला अर्थिंग द्या, वळवाच्या विजा सांगून येत नाहीत.

आता दुसरी वाट. फायबर तुटला तर कॅमेरा चालू राहायला हवा ना? दोन कंपन्यांचे फायबर घेतले आणि दोन्ही एकाच खांबावरून आले, तर उसाची एक ट्रॉली दोन्ही घेऊन जाते. त्यापेक्षा दुसरी वाट सिमकार्डाची ठेवा: यूएसबी पोर्ट आणि फेलओव्हर (एक लाईन गेली की आपोआप दुसरीवर जायची सोय) असलेला राऊटर, त्यात ४जी डोंगल. लाईट गेल्यावर चालावं म्हणून राऊटरला आणि फायबरच्या डब्यालाही मिनी यूपीएस लावा. दुसऱ्याला नसेल तर पहिल्याचा काय उपयोग? शेडवरच्या सीपीईची सोय वेगळी करा, तिथली लाईट वेगळ्या डीपीवरची असते.

एक सावधगिरी: घर आणि शेडमध्ये वायर आणि वायरलेस दोन्ही जोडल्या आणि स्विचमध्ये (नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणाऱ्या डब्यात) एसटीपी, म्हणजे असा फेरा ओळखून तोडायची सोय, नसेल, तर डेटा गोल-गोल फिरत राहतो आणि सगळंच नेटवर्क बसतं.

सगळं झालं की फायबरची वायर स्वतःच काढा, फोनचा वायफाय बंद करून मोबाईल डेटावर कॅमेरा उघडा आणि घड्याळ बघा. दोन मिनिटांत चित्र आलं नाही तर फेलओव्हरच्या सेटिंगमध्ये लाईन तपासायचा पत्ता कोणता आहे ते पाहा. तिथं घरातल्याच डब्याचा पत्ता असेल तर राऊटरला बाहेरची लाईन गेल्याचं कळतच नाही. त्याजागी ८.८.८.८ सारखा बाहेरचा पत्ता टाका आणि वायर पुन्हा काढून बघा.