नवा रूट ओपन करताना रेस्क्यूचा हिशेब: सह्याद्रीतल्या प्रशिक्षकांसाठी

नवा रूट ओपन करताना सगळं लक्ष वर असतं: पुढचा होल्ड, पुढची क्रॅक, पुढचा बोल्ट. लीडर, म्हणजे दोर घेऊन सगळ्यात पुढे चढणारा, जखमी होऊन दोरावर लटकला तर त्याला खाली कसं आणायचं, हे मात्र बहुतेक वेळा बोल्ट मारतानाच ठरून गेलेलं असतं. स्टेशनची, म्हणजे माणसं आणि दोर बांधून घ्यायच्या ठिकाणाची, जागा चुकली तर नंतर कितीही गाठी येत असोत, हात बांधलेलेच राहतात.

आधी कातळ. सह्याद्रीचा कडा एकसंध नसतो, लाव्हाचे थर एकावर एक बसलेले असतात. घट्ट काळा बेसॉल्ट बोल्टला उत्तम. सच्छिद्र, पांढऱ्या खड्यांनी भरलेला दगड बेभरवशाचा. दोन थरांच्या मध्ये जो तांबडा मुरमाड पट्टा दिसतो, त्यात बोल्ट मारूच नये. गंमत अशी, की हा पट्टा लवकर झिजतो, त्यामुळे उभं राहायला ऐसपैस लेज (कड्यावरची सपाट पायरी) नेमकी त्याच्यावर मिळते आणि स्टेशनही तिथेच मारायचा मोह होतो. उभं खुशाल तिथे राहा, पण बोल्ट डोक्याच्या उंचीला, वरच्या घट्ट थरात घ्या. ठिकाण पक्कं करण्याआधी हातभर परिसर हातोडीने ठोकून पाहा. टणटणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत भेग आहे किंवा तो खांब मूळ कड्यापासून सुटलेला आहे.

एक्स्पान्शन बोल्ट निदान १० मिमी जाडीचा, ८० ते ९० मिमी लांबीचा घ्यावा. कोकणाकडे तोंड करून असलेल्या कड्यांना चार महिने धुवांधार पाऊस सोसावा लागतो, म्हणून बोल्ट, हँगर (कॅरॅबिनर, म्हणजे धातूची कडी, अडकवायची बोल्टवरची पट्टी) आणि नट तिन्ही ३१६ ग्रेड स्टेनलेस स्टीलचेच हवेत. स्टेनलेस हँगरखाली साधा झिंकचा मुलामा दिलेला बोल्ट घातला, तर दोन धातूंच्या संगतीने बोल्ट आतून गंजतो आणि हँगर वरून चकचकीत दिसत राहतो. हँगरवर ईएन ९५९ (बोल्टचं युरोपीय मानक) लिहिलेलं आहे का, ते पाहा. या मानकात बोल्टने कातळाला समांतर ओढीत २५ किलोन्यूटन आणि बाहेरच्या ओढीत १५ किलोन्यूटन झेलायचे असतात. अर्थात हे आकडे चांगल्या दगडातले.

भोक कातळाला काटकोनात आणि बोल्ट जितका आत जाणार त्याहून सेंटिमीटरभर जास्त खोल पाडा. मग ब्रश आणि फुंकणी आलटून पालटून निदान तीन वेळा चालवा. यात आळस केला तर भुकटीमुळे बोल्टच्या टोकाची पाचर नीट फाकत नाही. नट आवळताना बोल्टच गोल फिरू लागला, तर दगड मऊ आहे किंवा भोक सैल झालंय. आणखी जोर लावून काही साधत नाही, जागा बदला. पाना बोल्टच्या कंपनीने दिलेल्या टॉर्कइतकाच फिरवावा. ‘अजून थोडं’ म्हणत आवळलेला बोल्ट तिथेच अर्धा तुटलेला असू शकतो.

स्टेशनला दोन बोल्ट, एकमेकांपासून निदान २० सेमी अंतरावर, आणि कडेपासूनही तितकेच आत. दोन्ही बोल्ट जोडणाऱ्या स्लिंगचा (शिवलेल्या पट्ट्याचा) कोन ६० अंशांच्या आत ठेवा. १२० अंशांवर प्रत्येक बोल्टला जवळजवळ पूर्ण वजन येतं, मग दोन बोल्टचा फायदा उरत नाही.

आता खरी मेख. लीडर पडला की दोर वरच्या बोल्टमधून फिरून बिले देणाऱ्याला (खालून दोर धरून सांभाळणाऱ्याला) वर खेचतो. आपली स्टेशनं मात्र खाली येणारी ओढ धरून बांधलेली असतात. तेव्हा स्टेशनच्या खाली, कमरेच्या किंवा गुडघ्याच्या उंचीला, वर खेचणारी ओढ झेलेल असा एक अँकर द्या: बोल्ट, पक्क्या बुंध्याचं झाड किंवा न हलणारी धोंड. पहिल्या पिचच्या (दोन स्टेशनांमधल्या टप्प्याच्या) पायथ्याशीही हे हवंच. हा अँकर नसेल तर बिले देणारा दोरातून सुटूच शकत नाही.

अपघात झाला की पहिला प्रश्न: खाली सोडता येईल का? ६० मीटरच्या दोरावर लीडर २५ मीटरच्या आत असेल, तर त्याला तसाच हळूहळू खाली घ्या. बाकीची सर्कस नको. यासाठी दोराच्या मध्यावर खूण हवी, आणि शेपटाला गाठ. खाली सोडणं शक्य नसेल तरच बिले एस्केप, म्हणजे जखमीचं वजन अँकरवर देऊन स्वतः दोरातून सुटणं. क्रम असा:

१. ब्रेकचा हात न सोडता बिले डिव्हाइसखाली (दोराला ब्रेक लावणाऱ्या साधनाखाली) म्यूल नॉट, म्हणजे वजन असतानाही सुटणारी गाठ, मारा आणि तिच्या लूपची ओव्हरहँड गाठ मारून ती पक्की करा. दोन्ही हात आता मोकळे.

२. वजन असलेल्या दोरावर ६ मिमी कॉर्डचा प्रूसिक (वजन आलं की दोर आवळून धरणारी गाठ), तीन वेढ्यांचा. दोर ओला किंवा चिखलाने माखलेला असेल तर चार. डायनिमा या कृत्रिम धाग्याची स्लिंग इथे वापरू नका. ती निसरडी असते आणि साधारण १४५ अंश सेल्सिअसलाच वितळते.

३. प्रूसिकमध्ये स्क्रू-गेट (स्क्रूने बंद होणारा कॅरॅबिनर) लावा आणि त्यातून ७ मिमीची पाचेक मीटर कॉर्ड खालच्या अँकरवर घेऊन मंटर हिच (कॅरॅबिनरवर घर्षणाने दोर रोखणारी गाठ) आणि म्यूल नॉटने बांधा. अशी गाठ वजन असतानाही सोडता येते.

४. प्रूसिक हात पोचेल तितका वर सरकवा, कॉर्डमधला ढिलेपणा पूर्ण काढा. मग डिव्हाइसवरची म्यूल नॉट सोडून वजन इंचाइंचाने प्रूसिकवर द्या.

५. डिव्हाइस काढण्याआधी ब्रेककडचा दोर त्याच अँकरवर मंटर आणि म्यूलने बांधा. प्रूसिक घसरला तर हाच दोर वाचवतो. त्यानंतरच डिव्हाइस काढा.

बहुतेकांची चूक चौथ्या पायरीवर होते. कॉर्ड ढिली राहिली तर प्रूसिक सर्रकन वर जातो, हाताबाहेर होतो, कधी पहिल्या क्विकड्रॉमध्ये (बोल्टला दोर जोडणाऱ्या कॅरॅबिनरांच्या जोडीत) जाऊन अडकतो. मग मागे फिरता येत नाही.

सुटलात, आता जखमीपर्यंत जायचं. त्याच ताणलेल्या दोरावर प्रूसिकने चढाल, तर जो वरचा बोल्ट त्याला धरून आहे त्यावर तुमचंही वजन येतं. म्हणून बोल्ट मारताना ड्रिलची बॅटरी संपत आली तरी ‘हा एक हातोडीने ठोकून भागवू’ असं करू नये. वाटेतल्या प्रत्येक चांगल्या बोल्टवर स्वतःला बॅकअप देत जा. वर पोचलात की दोन बोल्टचा अँकर करून जखमीला त्यावर घ्या, मग दोघं एकत्र रॅपल, म्हणजे दोरावरून खाली उतरणं. डिव्हाइस स्लिंगने लांबवा, दोघांचं वजन आहे म्हणून एक जादा कॅरॅबिनर घालून घर्षण वाढवा, आणि ब्रेकच्या दोरावर ऑटोब्लॉक (हात सुटला तर दोर पकडणारी गाठ) विसरू नका.

खाली असलेल्या सेकंड मॅनला (लीडरमागून चढणाऱ्याला) वर ओढायचं असेल तर थ्री-टू-वन पुली कागदावरच तिप्पट ताकद देते. कॅरॅबिनरवरच्या घर्षणात हातात येते जेमतेम दुप्पट, कधी तेवढीही नाही. लेज दोन-तीन मीटरवर असेल तर ओढा, नाहीतर खाली सोडा.

बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये लटकत राहणं हाच मोठा धोका आहे, त्यामुळे मिनिटं मोजा. खाली आणल्यावर त्याला आडवं झोपवून श्वास आणि रक्तस्राव तपासा. अशा माणसाला अर्धा तास बसवून ठेवायचं असं पूर्वी शिकवायचे. ती पद्धत आता मागे पडली आहे, पण कॅम्पमध्ये अजून कुणी कुणी तेच शिकवतं. ११२ किंवा १०८ ला फोन करताना गावाचं नाव, वाट कुठून फुटते आणि रेंज कुठे मिळते, हे सांगा. तेच महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरलाही कळवा. ही माहिती रूटच्या नकाशासोबत आधीच लिहून ठेवलेली बरी.

बोल्टिंगला जाण्याआधी वनखात्याची परवानगी काढा, किल्ल्यावर असेल तर पुरातत्त्व खात्याचीही. खोदीव पायऱ्या, टाकी आणि लेणी यांच्या आसपास ड्रिल नको. ओव्हरहँगखाली आग्या मोहोळ दिसलं तर तो रूट त्या हंगामात सोडून द्या. ड्रिलच्या आवाजाने माश्या उठल्या तर दोरावर लटकलेल्याला पळायला जागा नसते.

सराव जमिनीलगत, माणसाऐवजी ६०-७० किलो वाळूची पोती लटकवून करा. पहिल्यांदा सावकाश, नंतर घड्याळ लावून. प्रशिक्षकाने आपला बिले एस्केप पाच मिनिटांत संपवायला हवा. तेवढं जमलं की तेच हातमोजे घालून, मग हेडटॉर्चच्या उजेडात, आणि शेवटी नेहमीचा प्रूसिक काढून घेऊन, अंगावर जे सामान उरलं असेल त्यात.